परकी गाडी कोणती?

आमच्या घरात पहिली आलेली चाकं लोटगाडीची. बाबा अकोल्याच्या बाजारात लोटगाडीवर पोती वाहत. गाडी भाड्याची होती. दिवसा ती बाजाराची, संध्याकाळनंतर आमची. खोलीत चौघांना पाय पसरता यायचे नाहीत, म्हणून उन्हाळ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद दारासमोर त्या गाडीवरच झोपायचो. चाकांखाली विटा लावलेल्या असायच्या. तरी मिलिंद झोपेत कुशीवर वळला की गाडी हलायची आणि आई आतून ओरडायची. कधी चूल पेटायची, कधी बाबा बाजारातून रिकामेच यायचे. तेव्हा आई आम्हाला म्हणायची, अभ्यास करा, भूक लवकर विसरते. ते काही खरं नव्हतं. पण अभ्यास झाला.

बारावीनंतर मला अमरावतीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा माझी पत्र्याची पेटी बाबांनी त्याच गाडीवर ठेवली आणि एस.टी. स्टँडपर्यंत लोटत नेली. मी बाजूनं चालत होते. बाजारातून जाताना एका अडत दुकानातून हाक आली, "काय रे, आज कोणाचा माल?"

बाबा थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "माझाच."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी जिथं तिथं सांगते, तसं इथंही सांगून ठेवते. मग गणिताची शिक्षिका झाले. मिलिंद इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत गेला. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या बाहेर नोव्हाय नावाचं गाव आहे, तिथं तो गाड्यांच्या कंपनीत आहे. मी निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडे जाणं जमलं नव्हतं. यंदा ऑगस्टमध्ये गेले, तेही त्याच्या बायकोच्या फोनमुळे. स्मिता म्हणाली, "ताई, मित्रा कॉलेजला निघालीय. त्याच्या आधी तुम्ही या. बाप-लेकीचं गाडीवरून पार बिनसलंय."

मला वाटलं, पोरीनं कुठं तरी गाडी ठोकली.

नोव्हाय

विमानतळावर मिलिंदनं जय भीम घातला, पाया पडला आणि माझ्या हातातली बॅग घेतली. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, पण पलीकडे माणूसच नव्हता. चालणारं कोणी दिसेना. आणि तिथलं वळणं माझ्या अजून ध्यानात आलेलं नाही. डावीकडे जायचं असलं की मिलिंद आधी उजवीकडे वळायचा, थोडं पुढं जाऊन गाडी उलटी फिरवायचा आणि मग डावीकडे लागायचा. मी म्हटलं, "अरे, सरळ डावीकडे जा ना."

"इथं असंच आहे, ताई."

पुढचे दिवस हेच उत्तर मला बऱ्याच गोष्टींना मिळणार होतं.

घरासमोर तीन गाड्या होत्या. एक स्मिताची, मोठी, पांढरी, मिलिंदच्या कंपनीची. दुसरी मिलिंदची लाडकी. संत्र्याच्या रंगाची, जुनी, पुढून लांबलचक, दोनच दारं. हिला म्हणे मसल कार म्हणतात. आत आठ सिलिंडरचं इंजिन. त्यानं ती सुरू केली तेव्हा आमच्याकडच्या पिठाच्या गिरणीनं एकदम पट्टा पकडावा तसा आवाज झाला आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. तिसरी गाडी मात्र अंगणात नव्हती. ती रस्त्याच्या कडेला, शेजाऱ्यांच्या झाडाखाली उभी होती. छोटी, चंदेरी. बॉनेट तेवढं काळं, कारण ते दुसऱ्याच गाडीचं काढून बसवलेलं. ती जपानी गाडी माझ्या भाचीची.

मित्राचं पूर्ण नाव संघमित्रा. अठरा वर्षांची. आईस्क्रीमच्या दुकानात काम करून तिनं ती जुनी गाडी घेतली, आणि वर्षभर स्वतः खोलून बसवली. मिलिंदनं त्या दिवसापासून त्या गाडीकडे पाहिलेलं नाही.

"ती अंगणात काहून उभी करत नाही?" मी त्याला विचारलं.

"परकी गाडी आहे ती."

"आणि तुझी?"

"आपली आहे. डेट्रॉइटची."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. जन्म अकोल्याचा, आणि डेट्रॉइटची गाडी आपली!

तेवढ्यात मित्रा जिन्यावरून उतरत म्हणाली, "आत्या, माझी गाडी ओहायोमध्ये बनली आहे. नेक्स्ट स्टेट. बाबांच्या कंपनीच्या नव्या गाड्या मेक्सिकोतून येतात. आस्क हिम." आणि दार आपटून बाहेर गेली.

मी मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, "ते तसं नसतं, ताई."

मग कसं असतं, हे त्यानं सांगितलं नाही. मी आयुष्यभर पोरांना प्रमेयं शिकवली. पक्ष, साध्य, सिद्धता. इथं पक्षच जागेवर राहत नव्हता. जपानी नावाची गाडी अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकन नावाची बाहेर जन्मलेली. जपानी गाडी चालवणारी पोरगी इथली, त्या गाडीला परकी म्हणणारा तिचा बाप अकोल्याचा.

स्मितानं स्वयंपाकघरात मला खरी अडचण सांगितली. दोन आठवड्यांनी मित्राला अॅन आर्बरला विद्यापीठात सोडायचं होतं. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पण मित्रा म्हणत होती, मी माझ्याच गाडीनं जाणार, बाबांच्या कंपनीच्या गाडीत बसणार नाही. मिलिंद म्हणत होता, त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही.

"मग दोन गाड्या न्या," मी म्हटलं.

"तेच म्हणतात दोघं," स्मिता म्हणाली आणि कणीक जोरजोरात तिंबू लागली. "ताई, माझी एकच लेक. तिला कॉलेजात सोडायला जाताना मी कोणाच्या गाडीत बसू?"

मागचं पार्किंग

मधल्या दिवसांत मिलिंदनं मला फिरवलं. मक्याची शेतं पाहिली, आपल्यापेक्षा उंच आणि सुतात लावल्यासारखी सरळ. तळी पाहिली. एका रस्त्यावर बदकांसारखे मोठाले पक्षी ओळीनं चालत निघाले होते आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या मुकाट थांबल्या होत्या. मिलिंदही थांबला. मी म्हटलं, "यांच्यात आपलं-परकं विचारत नाही का कोणी?"

"हे कॅनडाचे आहेत," तो म्हणाला आणि मग स्वतःच हसला. मी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता.

एका जुन्या टपरीवजा हॉटेलात त्यानं मला सॉसेजवर खिमा घातलेला पाव खाऊ घातला. खिमा बरा होता, तिखट नावालाही नव्हतं. तिथून येताना तो एका बंद कारखान्यापाशी थांबला. त्याची अमेरिकेतली पहिली नोकरी तिथली. दारापाशीच मोठं, मोकळं पार्किंग होतं. आणि लांब, रुळांच्या पलीकडे, दुसरं.

"हे पुढचं इथल्या गाड्यांसाठी," तो म्हणाला. "परदेशी गाडी असली की मागं लावायची. तसा बोर्डच होता. माझ्याकडे तेव्हा जुनी जपानी होती. शिकत होतो तेव्हाची. बर्फात तिथून चालत यायचो आणि दारातले लोक घड्याळ बघून हसायचे."

"तुझ्याकडे जपानी होती?"

"तेव्हा तीच परवडली." तो त्या मागच्या पार्किंगकडे पाहत होता. तिथं आता गवत वाढलं होतं. "ताई, आपलं घर वस्तीत कुठं होतं? आणि वस्ती गावाच्या कुठं होती? मी मागं उभं राहण्यासाठी शिकलो नाही. पहिली संधी मिळाल्याबरोबर इथली गाडी घेतली आणि पुढं लावली. आणि आता माझी पोरगी हौसेनं मागं जाऊन उभी राहते."

हे मला कळलं. एवढं एकच त्या आठवड्यात मला पूर्ण कळलं. पण मित्राला हे सांगितलंय का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "असलं पोरांना काय सांगायचं?"

मैदान

शनिवारी संध्याकाळी एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाड्यांचा मेळा भरतो. मिलिंद दर शनिवारी संत्री गाडी पुसून तिथं जातो. मित्राही तिथंच जाते. बाप-लेक वेगवेगळ्या गाड्यांनी एकाच ठिकाणी जातात आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात! मी म्हटलं, मलाही यायचंय. दुपारी मी आणि स्मितानं मिळून सांभारवड्या तळल्या. कोथिंबिरीचं सारण तेवढं अमेरिकेत अकोल्यासारखं जमलं. मोठा स्टीलचा डबा भरला. कोणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?

साडेआठ वाजले तरी ऊन होतं. मैदानाच्या एका बाजूला लांब नाकाच्या, जाड आवाजाच्या अमेरिकन गाड्या, बॉनेट उघडून. त्यांच्यामागं घडीच्या खुर्च्या टाकून पिकल्या केसांचे लोक बसलेले. दुसऱ्या बाजूला छोट्या जपानी गाड्या, जमिनीला टेकतील इतक्या खाली केलेल्या, आणि भोवती पोरंपोरी. त्यांच्यात चिनी, अरब, काळे, गोरे, आपले, सगळे. मधे रिकामा पट्टा. तो कोणी आखला नव्हता, पण कोणी ओलांडतही नव्हतं. असा पट्टा ओळखायला मला कोणी शिकवावं लागत नाही. फक्त इथं लोक आपापल्या मर्जीनं दोन बाजूंना का उभे आहेत, ते कळेना.

मिलिंदच्या शेजारी डग नावाचा म्हातारा होता. कारखान्यातला निवृत्त कामगार. पलीकडच्या गाड्यांचा आवाज म्हणजे डब्यात शिरलेली माशी, असं तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. पलीकडून एक पोरगा ओरडला, "आजोबा, वळण आलं तर सांगा हं, तुमची गाडी सरळच जाते!" मिलिंद मला भाषांतर करून सांगत होता.

मी डगला माझा प्रश्न विचारला. परकी गाडी कोणती? तो हसायचा थांबला. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळलं, निम्मं मिलिंदनं सांगितलं. बाहेरच्या गाड्या खपायला लागल्या तेव्हा त्याच्या कारखान्यातली एक एक पाळी बंद झाली. त्याचा भाऊ काम शोधत दक्षिणेत गेला, तो परत आला नाही. "त्या पोरांचा काही दोष नाही," डग म्हणाला. "पण तो आवाज ऐकला की मला भाऊ आठवतो."

मग मी पट्टा ओलांडून मित्राकडे गेले आणि तिच्या मित्रांना तोच प्रश्न विचारला. एक अरब मुलगी म्हणाली, "आँटी, आमच्या आईबाबांना हीच परवडली. मी हिच्या मागच्या सीटवर वाढले. मला ही परकी कशी वाटेल?"

डगचंही खरं वाटलं, तिचंही खरं वाटलं. माझा गोंधळ जिथल्या तिथं.

परत मिलिंदकडे आले. वड्या वाटाव्यात म्हणून डबा काढला आणि संत्री गाडीच्या बॉनेटवर ठेवला. आपल्याकडे उभ्या गाडीचं बॉनेट म्हणजे टेबलच की! सहलीला गेलं की आम्ही मुख्याध्यापकांच्या गाडीवर सगळा स्वयंपाक मांडायचो. आतल्या वाफेनं झाकण घट्ट बसलं होतं. मी डबा एका हातानं दाबला आणि झाकण पिळलं. झाकण हललं नाही. डबाच फिरला. कर्रर्र.

डग खुर्चीतून उठला. "नो, नो, नो, नो!"

मी डबा उचलला. खाली संत्री रंगावर डब्याच्या बुडाएवढा पांढरा गोल चरा उमटला होता. आजूबाजूचे सगळे जमा झाले, टोप्या काढून, कोणी गेल्यावर जमतात तसे. एकानं मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. मिलिंदचा चेहरा उतरला होता, पण मोठ्या बहिणीला बोलणार काय? "असू दे, ताई," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी माणसं हळहळताहेत आणि मी हातात वड्यांचा डबा धरून उभी!

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मित्रा रिकामा पट्टा ओलांडून येत होती, हातात एक बाटली आणि मऊ फडकी. डग म्हणाला, "चुकीच्या बाजूला आलीस, पोरी."

"माहितीये," ती म्हणाली आणि वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, मे आय?"

सगळे मिलिंदकडे पाहत होते. मग तो एक पाऊल बाजूला सरकला.

मित्रा ओणवी झाली. बाटलीतलं पॉलिश बोटावर घेऊन लहान लहान गोल करत घासायला लागली. काळ्या बॉनेटवर वर्षभर तिनं हेच केलं होतं. मिलिंद तिच्या हाताकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, "हात हलका ठेव. रंग पातळ आहे."

"आय नो, बाबा."

"कडेला जास्त."

"बाबा, आय नो."

डगनं आपल्या खिशातलं फडकं काढून तिला दिलं. पलीकडची पोरं पाहायला म्हणून आली आणि माझ्याभोवती जमली. एकदाचं झाकण निघालं. पहिली वडी डगनं घेतली, त्याचे कान लाल झाले, त्यानं पाणी मागितलं आणि दुसरी घेतली. डबा रिकामा होईपर्यंत कोण कुठल्या बाजूचा ते मला सांगता आलं नसतं. डबा संपल्यावर मात्र सगळे मुकाट आपापल्या बाजूला परत गेले. हेही मला कळलं नाही.

चरा बराचसा गेला. वाकून पाहिलं तर अजून थोडा दिसतो.

घरी परतताना

येताना मी मित्राच्या गाडीत बसले. सीट एवढी खाली की रस्त्यावर बसकण मारल्यासारखं वाटलं. मी तिला कारखान्यामागच्या पार्किंगची गोष्ट सांगितली. बोर्ड, बर्फ, दारात हसणारे लोक. मिलिंदनं सांगू नको असं काही म्हटलं नव्हतं.

तिनं गाडी सिग्नलला थांबवली. मग म्हणाली, "आत्या, आईकडे एक फोटो आहे. मी जन्मल्यावर हॉस्पिटलमधून घरी येतेय, बाबांच्या हातात आहे, आणि मागं त्यांची ती जुनी गाडी. ही सेम मॉडेल आहे. मी शोधून शोधून घेतली. आय थॉट ही'ड लाइक इट."

मी म्हटलं, "अगं, मग हे त्याला सांगितलंस का?"

"त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी फक्त म्हटलं, परकी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी हे मिलिंदला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. उठून खिडकीपाशी गेला आणि शेजाऱ्यांच्या झाडाखालची ती गाडी पाहत उभा राहिला. वर्षभर न पाहिलेली. चहा निवून गेला. मी दुसरा केला, तोही निवला.

अॅन आर्बर

निघायच्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर चंदेरी गाडी अंगणात, दारासमोर उभी होती. कोणी आणून लावली ते मी विचारलं नाही. संत्री गाडी बाहेर रस्त्यावर, झाडाखाली गेली होती. मिलिंद चंदेरी गाडीच्या मागच्या दारातून सामान भरत होता आणि मित्रा त्याला सांगत होती, "बाबा, ते असं नाही बसणार, त्याला आडवं करा." तो आडवं करत होता.

"पुढं ताई बसेल," मिलिंद म्हणाला. "तिला रस्ता दिसला पाहिजे." आणि तो कंपनीतला मोठा इंजिनिअर मागच्या सीटवर शिरला. गुडघे छातीशी, मांडीवर भाताचा कुकर, एका बाजूला स्मिता, दुसऱ्या बाजूला उशा. स्मिता एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. मित्रानं गाडी सुरू केली. डब्यात शिरलेली माशी गुणगुणली. मिलिंद मागून म्हणाला, "एक्झॉस्टला कुठं तरी गळती आहे."

"नाहीये, बाबा. तिचा आवाजच तसा आहे."

"गळती आहे. सुट्टीत आलीस की आपण पाहू."

मित्रानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. डावीकडे जायचं होतं, म्हणून तिनं गाडी उजवीकडे वळवली.

वसतिगृहासमोर गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या बनावटीच्या गाड्या एकाच रांगेत होत्या आणि कोणी कोणाला मागं पाठवत नव्हतं. सामान न्यायला तिथं चाकांच्या मोठ्या गाड्या ठेवल्या होत्या. पिवळा सदरा घातलेला एक पोरगा धावत आला. सामान आम्ही पोचवतो, तुम्ही नुसते सोबत चला, असं काहीतरी म्हणाला. मिलिंदनं मान हलवली. त्यानं पेट्या, उशा, कुकर त्या गाडीवर रचले, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि लोटायला लागला. पुढं झुकून, दोन्ही कोपर अंगाशी घेऊन. असा लोटणारा माणूस मी दुसरा एकच पाहिला आहे. मिलिंदला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंही तेवढंच पाहिलं होतं.

दारावर बसलेल्या बाईनं मान वर न करता इंग्रजीत विचारलं, हे सामान कोणाचं?

मित्रा आपलं नाव सांगायला तोंड उघडत होती. त्याआधीच मिलिंद म्हणाला, "माइन."

बाईनं वर पाहिलं. त्याच्या पिकल्या केसांकडे पाहून ती गोंधळली. अमेरिकेत पोचल्यापासून माझा जो चेहरा होता, तोच तिचा झाला. मित्रा हसायला लागली. मी हसले नाही. मी बाजूनं चालत होते.

परत आल्यावर अकोल्यात लोक मला विचारतात, अमेरिकेत काय पाहिलं. परकी गाडी कोणती, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी ते कोणाला समजावूही शकत नाही. जे झालं तेवढं सांगते. लोटगाडी लोटणाऱ्या आमच्या बाबांची नात इंजिनिअरिंगला दाखल झाली, आणि तिला सोडायला आम्ही चौघं एका गाडीतून गेलो.